आठ हजारांचा स्कोप

सहा-आठ हजारांत मिळणारा ६-२४×५० चा स्कोप घेऊ नका. त्याच पैशांत साधा ३-९×४० घ्या, आणि त्याच्या पुढच्या भिंगापाशी अंतर जुळवायची फिरती कडी आहे ना, तेवढं मात्र बघून घ्या. मूल जर स्पर्धेसाठी नेमबाजी शिकणार असेल तर कुठलाच घेऊ नका.

झालं. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण गेले दोन महिने आमच्या घरात या एका नळकांड्यावरून जेवढा काथ्याकूट झाला तेवढा कांद्याच्या भावावरूनही झाला नव्हता.

प्रकरण असं. आमचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, ओतूरच्या बाजूला शेती करतो. त्याच्या मुलाकडे, माझ्या पुतण्याकडे, छर्‍याची बंदूक आहे. स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची. विहिरीमागच्या मुरमाच्या कड्याला कागद लावून तो पंचवीस-तीस मीटरवरून मारतो, आणि आता त्याला पन्नासवर जायचंय. दुसरी माझी भाची, मंचरला असते, वय वर्षं तेरा. ती तालुक्याबाहेर एका शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून तिला एअर रायफलच्या स्पर्धेत उतरायचंय. दादाने मला फोन केला, "तू पुण्यात असतोस, ते स्कोप का काय ते बघ जरा. आठ हजारांच्या वर जाऊ नकोस. दोघांनाही होईल असा घे."

'दोघांनाही होईल असा' हीच तर गोम आहे. एकाच वाढत्या अंगाचा सदरा दोन भावांना शिवावा तसं हे जमत नाही.

माझी पात्रता विचाराल तर कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल चालवली आणि नंतर पुण्यात काही वर्षं रविवारची रेंज केली. मेडल वगैरे काही नाही. पण स्वस्त स्कोप बरेच हाताळले, मित्रांचे मोडलेले पाहिले आणि ते का मोडले यावर बरेच रविवार घालवले.

आधी भाचीचं बघू, कारण ते सोपं आहे, आणि नातेवाईकांना सर्वांत कमी पटलेलं तेच आहे.

ऑलिंपिकमधल्या रायफलच्या स्पर्धांत रायफलवर मोठं करून दाखवणारं भिंग चालतच नाही. दहा मीटरची एअर रायफल असो की पन्नास मीटरची थ्री पोझिशन, मागे एक बारीक भोक असलेली चकती (पीप साइट म्हणतात तिला) आणि पुढे एक कडं. भोकातून कडं बघायचं आणि कड्याच्या मधोमध काळा ठिपका बसवायचा. बस्स. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्‍याच्या नवव्या हिश्श्याएवढा. तो डोळ्याला वेगळा दिसतसुद्धा नाही. दिसायची गरजही नसते. अख्खं काळं वर्तुळ कड्यात मधोमध बसलं की दहाचा ठिपका आपोआप मध्ये येतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं ते याच पद्धतीने. पन्नास मीटर, थ्री पोझिशन, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली तीही भिंगाशिवाय. अंजली भागवतांपासून आजपर्यंतची महाराष्ट्राची सगळी रायफलची परंपरा या भोकातून बघणार्‍यांची आहे. सिनेमातला हिरो ज्या फुलीतून बघतो त्या फुलीचा इथे संबंध नाही.

मग भाचीला स्कोप लावून सराव करू दिला तर काय बिघडेल? बिघडेल ते तिच्या सवयीत. स्कोपमध्ये फुली आणि निशाण एकाच पातळीवर स्वच्छ दिसतं. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी फुली दिसत राहते. पीप साइटला तसं चालत नाही. गाल दर वेळी लाकडाच्या त्याच जागी टेकायला हवा, नाहीतर कडं भोकाच्या मधोमध राहत नाही. ही गालाची जागा, मानेचा कोन, श्वास कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हेच तर शिकायचं असतं पहिली दोन वर्षं. स्कोपने ते शिकणं पुढे ढकललं जातं. म्हणून माझं मत असं की तिच्या वाट्याचे चार हजार छर्रे आणि रेंजवर जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं यांवर घालावेत. रायफलही आत्ता घेऊ नये. स्पर्धेची परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. क्लबची रायफल वापरून वर्षभर पोरगी टिकते का बघावं. वहिनींना हे फार आवडलं नाही. "मुलाला घेता आणि मुलीला नाही, असं का?" असा रोकडा प्रश्न आला. प्रश्न चुकीचा नाही. पण इथे मुलीला न घेणं म्हणजे मुलीचा खेळ जास्त गांभीर्याने घेणं आहे, हे त्यांना समजावण्यात एक पूर्ण रविवार गेला. शेवटी मी कागदावर हिशेब लिहून दाखवला, की वर्षभरात तिच्यावर होणारा खर्च पुतण्याच्या स्कोपच्या दुपटीला जातो. मग शांतता.

आता पुतण्या. त्याला स्पर्धेत जायचं नाही. त्याला स्वतःच्या शेतात, स्वतःच्या कागदावर, पन्नास मीटरवरून एका रुपयाच्या नाण्यात पाच छर्रे बसवायचे आहेत. हा शुद्ध छंद आहे आणि मला तो मनापासून आवडतो. या छंदाला स्कोप हवाच. ब्रिटनमध्ये फील्ड टार्गेट नावाचा खेळच आहे यावर. झाडीत ठेवलेल्या लोखंडी पाट्या, आठ यार्डांपासून पंचावन्न यार्डांपर्यंत, आणि अंतर स्वतः ओळखून पाडायच्या. तिथे स्कोप चालतो, नव्हे, स्कोपशिवाय कोणी येतच नाही. आपल्याकडे तो खेळ फारसा रुजलेला नाही, पण शेतात बसून तोच खेळ एकट्याने खेळता येतो.

पुतण्याने पसंत करून ठेवलेला स्कोप म्हणजे तोच, ६-२४×५०. आत लाल-हिरवा दिवा, वर लांब सावलीची नळी, दिसायला तोफखान्यातला. किंमत सात हजारांच्या आसपास. त्याचा युक्तिवाद साधा होता, "काका, चोवीस पट मोठं दिसतं, मग नेम चुकेलच कसा?"

याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण ही समजूत फक्त त्याची नाही.

चोवीस पट मोठं केलं की निशाण चोवीस पट मोठं दिसतं, तसंच तुमच्या हाताचं थरथरणंही चोवीस पट दिसतं. छातीचा ठोकासुद्धा दिसतो. फुली निशाणावरून सरकताना दिसली की माणूस 'आत्ता!' म्हणून खटका ओढतो, आणि तो ओढलेला खटका हाच नेम चुकायचं पहिलं कारण. सहा-आठ पटीला फुली शांत वाटते आणि बोट शांत राहतं. दुसरं म्हणजे प्रकाश. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. ४० ला ९ ने भागलं तर साडेचार मिलिमीटरच्या जवळ. ५० ला २४ ने भागलं तर जेमतेम दोन. डोकं एवढंसं हललं की सगळं काळं. ढगाळ सकाळी तर विचारूच नका. आणि तिसरं, स्वस्त भिंगाला बारा पटींच्या पुढे दाखवायला काही उरलेलं नसतं. चित्र मोठं होतं, स्पष्ट होत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स मोठी केल्यासारखं.

आपल्या भागात अजून एक भर. मार्च-एप्रिलमध्ये नांगरून टाकलेल्या काळ्या रानावरून अकरा वाजल्यानंतर निशाण लावून बघा. तापलेली हवा वर चढते आणि कागद पाण्याखाली ठेवल्यासारखा लहरतो. जास्त पटीला ही लहर इतकी वाढते की कागदावरची रेघ नाचायला लागते. तेव्हा पट कमी करणं हाच उपाय. मग चोवीस पटीचे पैसे कशाला द्यायचे?

पण माझा या स्कोपवरचा खरा आक्षेप पटीवर नाही. तो मोडेल, हा आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका विचित्र असतो. बाकीच्या बंदुका फक्त मागे ढकलतात. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी जड पिस्टन जोराने पुढे सुटतो, म्हणून बंदूक मागे येते. मग तोच पिस्टन टोकाला जाऊन कोंडलेल्या हवेवर आपटतो आणि बंदूक पुढे हिसका खाते. नारायणगावच्या स्टँडवरून एसटी हिसक्याने निघते आणि लगेच कोणीतरी आडवं आलं म्हणून ब्रेक लागतो, तेव्हा उभ्या प्रवाशांचं जे होतं तेच स्कोपमधल्या भिंगांचं होतं. आधी मागे, मग पुढे. पुष्कळसे स्वस्त स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी आतून बांधलेले असतात. पुढच्या हिसक्याने आतली नळी सैल होते, तारेची फुली असेल तर ती तुटते, आणि पाचशे-हजार छर्‍यांनंतर झिरो रोज बदलायला लागतो. जितका स्कोप लांब आणि जड, तितका हा मार जास्त, आणि ६-२४×५० हा चांगला अर्धा-पाऊण किलोचा ऐवज. शिवाय तो जड ऐवज पट्टीवरून मागे सरकतो. म्हणून स्कोपच्या खोक्यावर 'स्प्रिंग एअरगनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असावं, फुली तारेची नसून काचेवर कोरलेली असावी, आणि त्याला बसवायची पकड एकसंध, खाली रोधक खिळा असलेली असावी. बंदुकीवर त्या खिळ्यासाठी भोक असतं, बघा. बंदुकीवरची पट्टी ११ मिलिमीटरची आहे की रुंद, हेही आधी मोजून घ्या. दुकानदार "बसेल, बसेल" म्हणतो. बसत नाही.

एका दुकानात (नाव नको) मला रुंद पट्टीची पकड अरुंद पट्टीसाठी दिली गेली आणि परत न्यायला गेलो तर "वापरलेला माल घेत नाही" असं उत्तर मिळालं. तेव्हापासून मी खिशात छोटा कॅलिपर घेऊन जातो. बायको हसते.

मग ती फिरती कडी. ही गोष्ट जाहिरातीत खाली बारीक अक्षरात असते आणि खरं तर सगळ्यात वर हवी. स्कोपमध्ये निशाणाचं चित्र आणि फुली एकाच प्रतलावर आली पाहिजेत. ती येत नसतील तर डोळा हलवला की फुली निशाणावरून सरकते. गाडीतून बघताना जवळचा खांब पळतो आणि शिवनेरी जागच्या जागी राहतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. पॅरॅलॅक्स म्हणतात. मोठ्या रायफलीसाठी केलेले बहुतेक स्कोप कारखान्यातून शंभर यार्डांना, म्हणजे साधारण ९१ मीटरला, जुळवलेले येतात. तसा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप लावून तुम्ही २५ मीटरवर मारलंत तर डोळा अगदी कडेला असताना दीड सेंटीमीटरपर्यंत चूक होऊ शकते. नेम बरोबर, खटका बरोबर, आणि छर्रा दीड सेंटीमीटर बाजूला! रुपयाच्या नाण्यात मारायचं म्हणणार्‍याला हे कसं परवडेल? पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून अंतर दहा-पंधरा यार्डांपर्यंत खाली आणता येत असेल तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते. म्हणून म्हटलं, साधा ३-९×४०, पण कडी असलेला. दिवा नको, लांब नळी नको.

क्लिकबद्दल थोडं. वरचं आणि बाजूचं बटण फिरवलं की टकटक वाजतं. बहुतेकांवर पाव मिनिटाचा एक क्लिक असतो. पन्नास मीटरवर एका क्लिकने नेम साडेतीन मिलिमीटरच्या थोडा वर सरकतो, पंचवीसवर त्याच्या निम्मा. इथे क्लिक किती बारीक आहे याला महत्त्व नाही. वीस क्लिक वर जाऊन वीस क्लिक खाली आल्यावर छर्रा पुन्हा त्याच भोकात जातो का, याला आहे. तपासायची रीत सोपी. एका कागदावर पाच छर्रे मारा. मग नेम त्याच ठिकाणी धरून वीस क्लिक वर, पाच छर्रे. वीस उजवीकडे, पाच. वीस खाली, पाच. वीस डावीकडे, पाच. शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडले आणि मधे चौकोन नीट उमटला तर स्कोप ठेवा. चौकोनाची पतंग झाली तर त्याच दिवशी परत करा. विकत घेतानाच दुकानदाराकडून परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, कारण ही तपासणी दुकानात होत नाही, बांधावरच होते.

बसवताना आमच्या दादाचं डोकं माझ्यापेक्षा बरं चाललं. फुलीची उभी रेघ खरोखर उभी हवी. बंदूक पाच अंश जरी कलली तरी पन्नास मीटरवर छर्रा दोन सेंटीमीटरच्या वर बाजूला जातो, कारण तोवर तो जवळजवळ पाव मीटर खाली पडत आलेला असतो आणि ती भरपाई करायला नळी वर केलेली असते. आता कललेली बंदूक ओळखायची कशी? दादाने गोठ्याच्या बांधकामातला ओळंबा आणला, पंचवीस मीटरवर बाभळीला टांगला, आणि गवंड्याची पाणसळ बंदुकीच्या पट्टीवर आडवी ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधे, फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर, आणि मग पकडीचे स्क्रू एकाआड एक थोडेथोडे आवळले. परदेशात याची वेगळी उपकरणं विकत मिळतात म्हणे. अंतर मोजायला ठिबकच्या नळ्या टाकताना वापरतात ती तीस मीटरची फीत.

नळी मोडणार्‍या बंदुकांची अजून एक खोड असते. नळी थोडी खाली झुकलेली असते. मग स्कोप वर वर नेता नेता बटण संपतं पण छर्रा खालीच. अशा वेळी मागच्या पकडीखाली जुन्या कॅमेर्‍याच्या रोलचा एक तुकडा कापून घालायचा. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नाच्या निगेटिव्ह आहेत. वहिनींनी त्या द्यायला साफ नकार दिला, आणि मग माझ्या एका जुन्या ट्रेकचा रोल कामी आला. नाणेघाटातलं धुकं होतं त्यात, दिसत काहीच नव्हतं.

वार्‍याचं मात्र कोणताच स्कोप काही करू शकत नाही. साडेचार मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा म्हणजे पन्नास मीटरच्या प्रवासात वार्‍याचं खेळणं. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे उसाची पानं सळसळतील एवढाच, त्याला सात ते दहा सेंटीमीटर बाजूला नेतो. नाण्याचा व्यास किती, आणि हे किती! म्हणून पुतण्याला सांगितलं की पन्नास मीटरवर सकाळी आठच्या आत मार, वाटेत दोन ठिकाणी काठीला लोकरीचा धागा बांध, आणि धागा लोंबला की मार. स्कोपवर वाचवलेल्या पैशांतून एकाच कंपनीचे चांगले छर्रे घे. पाकिटातल्या वेगवेगळ्या वजनाच्या छर्‍यांनी जेवढा नेम पसरतो तेवढा भिंगातल्या फरकाने पसरत नाही. माझ्या मते आठ हजारांची वाटणी अशी हवी: स्कोपला साडेचार, पकडीला एक, उरलेले छर्र्यांना. माणसं बरोबर उलटं करतात. सगळे पैसे नळीत आणि पकड फुकट आलेली, पत्र्याची.

आता जरा नाजूक विषय. घरात स्कोपची चर्चा चालू असताना काकू म्हणाल्या, "बरं होईल, रात्री उसातला बिबट्या तरी दिसेल." जुन्नर-आंबेगावात राहणार्‍याला या वाक्याचं हसू येणार नाही. संध्याकाळी सातनंतर पाण्याच्या पाळीला एकट्याने जायचं म्हणजे काय, हे पुण्यात बसून सांगता येत नाही. पण शेजारच्या दोघांनी पुतण्याला गंभीरपणे सुचवलं की स्कोप आला की बिबट्याला दुरून छर्रा मारून पळवता येईल. तर इथे माझं मत अगदी स्पष्ट आहे. छर्र्याने बिबट्या मरत नाही आणि शहाणाही होत नाही. जखमी होतो. डोळ्यात लागला तर आंधळा होतो. ज्याला धड शिकार करता येत नाही असा बिबट्या रानात जायचा नाही, कुत्र्या-शेळ्यांच्या आशेने वस्तीजवळच राहील. म्हणजे तुम्ही घाबरवायला गेलात आणि कायमचा शेजारी करून ठेवलात. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजर्‍यातले बिबटे बघून या, मग बोला. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, तुरुंगाची गोष्ट आहे ही. मोर, तितर, ससा यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. साडेचार मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही ही सवलत कागदावरच्या निशाणासाठी आहे असं समजून वागलं तरच ती टिकेल.

आणि परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं आहे असं नाही. वर तोंड करून मारलेला छर्रा तीनशे मीटरच्या पुढेही जाऊन पडू शकतो. तेवढ्यात आपल्याकडे दोन वस्त्या आणि एक शाळेचा रस्ता येतो. म्हणून कागदामागे मुरमाचा कडा किंवा मातीच्या गोण्यांची दुहेरी रास हवीच, आणि स्कोपमधून माणूस, जनावर, बिबट्या यांपैकी काहीही 'फक्त बघायचं' नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे बंदूक रोखणं. बघायची हौस असेल तर दुर्बीण घ्यावी.

यावरून दुर्बिणीचा विषय निघाला आणि तो मात्र सगळ्यांना पटला. पन्नास मीटरवर नऊ पटीच्या स्कोपमधून साडेचार मिलिमीटरचं भोक काळ्या वर्तुळात काही धड दिसत नाही. दर वेळी उठून चालत जायचं म्हणजे शंभर मीटरची फेरी. एखादी साधी दहा पटीची दुर्बीण टेकवून ठेवली की पांढर्‍यातली भोकं तरी कळतात, आणि काळ्यातली कळावीत म्हणून निशाण काळं न करता पांढर्‍या कागदावर नुसतं जाड रेघेचं वर्तुळ काढायचं. पुतण्याने पाचशे कागद छापून घेतले ओतूरला, एका बाजूला कोर्‍या असलेल्या जुन्या पत्रकांवर. खर्च जवळजवळ शून्य.

तर सध्या स्थिती अशी. ३-९×४० बसला आहे, चौकोन नीट उमटला, सहाशे छर्र्यांनंतर झिरो हललेला नाही. अजून हजारभर झाल्याशिवाय मी त्याला चांगला म्हणणार नाही. पुतण्या तो सतत नऊ पटीला ठेवतो आणि मी गेलो की सहावर आणतो. पंचवीस मीटरवर नाणं जमतं, पन्नासवर अजून बशी लागते. भाची शनिवार-रविवार क्लबची रायफल मारते आणि परवा फोनवर तिने पुतण्याला ऐकवलं, की तुझ्या नळीशिवाय मी दहा मीटरवर काय करते ते येऊन बघ. तो गेला नाही अजून.

दुर्बीण काकूंनी ठेवून घेतली आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून उसाची कड बघतात, आणि पुतण्याला भोकं बघायला हवी असली तर त्यांच्याकडे मागावी लागते.